लोखंड बाहेर ठेवा

मागच्या पौषात मी परंड्याच्या वेशीबाहेर रोजच्यासारखा फिरायला गेलो होतो. पेन्शनीत निघाल्यापासून सकाळी दोन मैल चालायचं आणि वाटेत भेटेल त्याला न मागितलेला सल्ला द्यायचा, एवढं एकच काम मी नेमानं करतो. त्या दिवशी कुर्डुवाडी रस्त्याच्या डाव्या हाताला, हरभऱ्याच्या रानात, सरकारी सर्व्हेची तीन माणसं दिसली. एकाच्या हातात लांब काठी, काठीच्या टोकाला बाटली, बाटलीभोवती तार गुंडाळलेली, आणि तारेचं शेपूट दुसऱ्याच्या गळ्यातल्या पेटीत गेलेलं. काय शोधताहेत ते विचारावं आणि जमलं तर त्यांची चूक काढावी, म्हणून मी बांध ओलांडला. पेटीवाला तिशीतला तरुण इंजिनियर होता. त्यानं माझ्याकडं न बघताच हात वर केला आणि म्हणाला, "आजोबा, अंगावर लोखंड असलं तर ते तिकडंच ठेवा आणि मग या."

मी मटकन बांधावर बसलो. त्याला वाटलं, म्हातारा उन्हानं घेरी येऊन बसला. सकाळचे आठ वाजले होते, ऊन कसलं डोंबलाचं! हे वाक्य मी वीस-बावीस वर्षांपूर्वी रोज ऐकत होतो. ज्याच्या तोंडून ऐकत होतो त्याला गावानं वेडा ठरवला होता. आणि तसं चारचौघांत बोलून दाखवणारा पहिला माणूस मी होतो.

त्यांचं नाव अब्दुल समद. गाव त्यांना समदमास्तर म्हणायचं. निजामाच्या राज्यात परंड्याला वस्तानिया, म्हणजे मधली शाळा होती, तिथं ते शास्त्र शिकवायचे आणि मी हिसाब. शिकवणं सगळं उर्दूत. माझी उर्दू ऐकून पोरं तोंडात रुमाल कोंबायची. समदमास्तर मात्र मला शब्द पुरवायचे आणि पोरांकडं असे बघायचे की रुमाल आपोआप बाहेर यायचे.

मास्तर परंड्याचेच, एका नालबंदाचे चिरंजीव. वडिलांनी उभा जन्म घोड्याबैलांना नाल ठोकण्यात घालवला. लहानपणी भट्टीची ठिणगी उडून मास्तरांच्या डाव्या भुवईवर डाग पडला होता आणि तेवढ्या जागेत भुवईला केस नव्हते, त्यामुळं ते कायम काहीतरी विचारताहेत असं वाटायचं. वडिलांनी घोडी विकून मुलाला हैदराबादला पाठवलं. मुलगा पदवी घेऊन आला. पदव्या घेतलेले लोक तेव्हा तहसीलदार व्हायचे. हा मुलगा मात्र वडील आजारी पडले म्हणून घरी परतला आणि मास्तर झाला. आणि एवढ्या लोखंडावर वाढलेल्या माणसानं आयुष्यात लोखंडाशीच वैर धरलं.

त्यांच्या शेरवानीला शिंगाची बटणं होती. चप्पल वादीनं शिवलेली, खिळा एक नाही. घराला पितळी कुलूप. खिशात बटणाएवढा कुतुबनुमा, म्हणजे होकायंत्र, आणि ते हरेक गोष्टीजवळ धरून बघायची खोड. माझ्या चष्म्याजवळ धरलं, शाळेच्या घंटेजवळ धरलं, एकदा तर आमच्या घरी जेवायला आले तेव्हा पानातल्या पळीजवळ धरलं आणि पळी उचलून ओसरीवर ठेवून आले. आमच्या मंडळींना राग आला होता. किल्ल्यावरच्या पंचधातूच्या तोफेपाशी त्यांनी ते धरलं तेव्हा काटा जागचा हलला नाही. मास्तर इतके खूश झाले की तोफेच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "ही सभ्य तोफ हाय." कोणी त्यांच्या प्रयोगाच्या खोलीशी आलं की आतूनच आवाज यायचा, "लोखंड बाहेर ठेवा." विळे, किल्ल्या, अडकित्ते, कमरेचे चाकू अशी उंबऱ्याबाहेर रांग लागायची. गावाला सवय झाली होती. देवळात शिरताना चपला काढाव्यात तसे लोक मास्तरांच्या दारात लोखंड काढायचे.

वर्गात ते भोवरा फिरवायचे. खरा, पोरांचा, लाकडी भोवरा. तो कलून डोलायला लागला की सगळ्यांना वाकून बघायला लावायचे. एकदा उस्मानाबादेहून तालीम, म्हणजे शिक्षण, खात्याचे साहेब तपासणीला आले आणि नेमके तेव्हा मास्तर जमिनीवर उकिडवे बसून भोवरा फिरवत होते. साहेबांनी विचारलं, हा कसला खेळ? मास्तर म्हणाले, पाण्यातला हायड्रोजन. साहेबांनी विचारलं, याचा विद्यार्थ्यांना पुढं उपयोग काय? मास्तरांनी दोन्ही तळव्यांवर फुंकर घातली. काही अवघड बोलायच्या आधी ते तसं करायचे. मग म्हणाले, "अजून माहीत न्हाय, साहेब. खोटं कसं सांगू?" आमचे हेडमास्तर पांढरेफटक पडले. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं की शिक्षक प्रामाणिक परंतु अनुपयुक्त. मास्तरांनी त्यातला पहिला शब्द आनंदानं आणि दुसरा विचारपूर्वक वाचला.

भोवऱ्याची भानगड त्यांनी मला समजावली होती. ती मी माझ्या भाषेत सांगतो. अणूच्या पोटात एक गाभा असतो, उर्दूत मर्कझा. पाण्यातल्या हायड्रोजनचा गाभा जणू स्वतःभोवती फिरत असतो आणि त्यापायी तो एक अतिशय बारीक चुंबकही असतो. भोवरा कलला की लगेच पडत नाही, डोलत गोल फिरतो. तसा हा गाभा भोवतालच्या चुंबकाच्या ओढीत डोलतो. ओढ जेवढी मोठी तेवढं डोलणं वेगाचं. ते डोलणं मोजता आलं की गाभ्याच्या अंगात चुंबकपणा किती ते कळतं. परदेशातले लोक हवा काढलेल्या नळ्यांतून रेणूंची धार सोडून, ती जबर चुंबकांमधून नेऊन हे मोजत होते. मोठी लढाई संपली आणि तिकडच्या काहींनी साधं पाणी आणि साधं मेण घेऊन, त्यावर रेडिओच्या लहरी सोडून तेच काम केलं. मास्तरांचा एक वर्गमित्र कलकत्त्याला होता, त्यानं ते लेख हातानं उतरवून टपालानं पाठवले. मास्तर आठ दिवस जेवले की नाही, अल्ला जाणे.

नवव्या दिवशी ते माझ्या वर्गात आले, चालू तासाला, आणि मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. म्हणाले, "गणपतराव, त्यांच्याकडं हत्तीएवढं चुंबक हाय. आपल्याकडं न्हाय. पन आपल्या पायाखाली हाय की, आख्खी धरती. ती लई हळू ओढती. मग मर्कझा पन हळू डोलनार. किती हळू? हा गुणाकार तपासून द्या." मी तपासला. उत्तर आलं, एका सेकंदाला सतराशेच्या आसपास. मी पुन्हा तपासला, चूक सापडेल या आशेनं. सापडली नाही. मग त्यांनी दोन्ही तळव्यांवर फुंकर घातली. "एवढं तर मानसाच्या कानाला ऐकू येतं, गणपतराव. शिट्टीएवढं. आपल्या कळशीतलं पानी वाजतंय आन् आपुन पिऊन टाकतोय."

मी हिसाबाचा माणूस. मला कोणी काही सांगितलं की आधी शंका येते. पण त्या व्हरांड्यात माझ्या अंगावर सरसरून काटा आला, हे मला कबूल केलं पाहिजे.

पुढचं दीड वर्ष त्यांनी एकच गोष्ट केली. सोलापूरहून तांब्याची तार आणली. अमीनाभाभी, त्यांच्या मंडळी, दुपारच्या दुपार बसून ती तार लाकडी चौकटीवर गुंडाळायच्या आणि वेढे मोजायला हातात तसबीह, म्हणजे जपमाळ, घ्यायच्या, शंभर वेढे झाले की एक गाठ. एका मोडक्या रेडिओतले आवाज वाढवणारे काचेचे दिवे मास्तरांनी मिळवले, मोटारीची जुनी बॅटरी मिळवली, कानाला लावायचं टेलिफोनचं जोडयंत्र मिळवलं. पण गावात सगळीकडं खडक, आणि आमचा काळा खडक काट्याला भुलवतो. म्हणून बळीराम आण्णांच्या काळ्या रानातला जोंधळ्याच्या राखणीचा माळा त्यांनी मागून घेतला, चार खांबांवर उभा, पुरुषभर उंच. सुताराकडून त्यातला खिळा न् खिळा उपटून लाकडी खुंट्या मारून घेतल्या. सुतार म्हणाला, मास्तर, पाखरं राखायला एवढं सोवळं कशाला? आण्णा हसत नव्हते. त्यांचा मुलगा मास्तरांच्या हाताखाली शिकला होता.

प्रयोग सांगायला सोपा होता. पाण्याची बाटली तारेच्या वेटोळ्यात ठेवायची. वेटोळं पूर्व-पश्चिम आडवं लावायचं आणि दिशा बघून झाली की कुतुबनुमा शंभर पावलं लांब नेऊन ठेवायचा, कारण तोसुद्धा चुंबकच. बॅटरीचा करंट सोडला की थोडे का होईना, गाभे वेटोळ्याच्या दिशेला वळतात. लाकडी दांडा ओढून करंट एका झटक्यात तोडला की ते धरतीच्या ओढीत एकदम, एका तालात डोलायला लागतात, आणि दोन श्वास घेईपर्यंत तीच तार त्यांचं डोलणं कानापर्यंत आणते. मग ताल विस्कटतो. पाणी गप्प होतं.

पाणी वर्षभर गप्पच होतं. पहाटे, लोखंडी धावांच्या बैलगाड्या रस्त्याला लागायच्या आत, आम्ही माळ्यावर चढायचो. दांडा ओढला की टक्‌ असा आवाज, आणि मग काही नाही. मास्तर वाळत चालले. वेढे वाढवले, दिवे बदलले, बाटली बदलली. मी कंटाळून एक दिवस चप्पल खाली काढून अनवाणी वर चढलो आणि त्यांनी माझ्या चपलांकडं बघितलं. बघतच राहिले. माझ्या टाचांना नाल होते, लवकर झिजू नयेत म्हणून ठोकलेले, आणि ठोकले होते त्यांच्याच वडिलांनी. वर्षभर मी ते लोखंड घेऊन त्यांच्या बाटलीपासून हातभर अंतरावर उभा राहत होतो. गावातल्या प्रत्येकाला लोखंड काढायला लावणाऱ्या माणसानं माझ्या पायांकडं कधी बघितलं नव्हतं, कारण मी घरचा होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर एवढंच म्हणाले, "अब्बांनी पक्कं काम केलंय." आणि हसत सुटले.

अठ्ठेचाळीस सालच्या माघात, एका पहाटे, त्यांनी खिशातून वेळूची अंगठ्याएवढी शिट्टी काढली. लांबीचा हिशेब करून कापलेली, सेकंदाला सतराशेच्या सुराची. ती फुंकून म्हणाले, हा सूर कानात धरा. मग कानाच्या जोडयंत्रातला एक भाग माझ्या कानाला, एक त्यांच्या. दांडा ओढला. टक्‌. आणि त्याच्या मागं, फार लांबून यावा तसा, एक बारीक सूर. काचेच्या पेल्याच्या काठावरून ओलं बोट फिरवल्यावर निघतो ना, तसला. बिस्मिल्ला म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात विरून गेला.

मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं माझं तोंड धरलं. कागदाचा एक तुकडा मला दिला, एक स्वतः घेतला, आणि एकमेकांकडं पाठ करून लिहायला लावलं. मी लिहिलं, 'बारीक शिट्टी. विरत गेली.' त्यांनी उर्दूत तेच लिहिलं होतं. मग रिकामी बाटली ठेवून दांडा ओढला. काही नाही. पुन्हा भरून ओढला. पुन्हा तो सूर. जगात कोणी धरतीच्या चुंबकावर पाणी वाजवून ऐकलं असेल तर ते परंड्यात, जोंधळ्याच्या माळ्यावर, हे माझ्या डोक्यात मावत नव्हतं.

मी म्हणालो, आजच्या आज हैदराबादला लिहून पाठवा. ते म्हणाले, "एकानं ऐकलं ती अफवा. दोघांनी ऐकलं तर शास्त्र. पन दोघं बी इमानानं ऐकाय पायजेत." मला कळेना, आता काय राहिलं? त्यांनी सांगितलं. शिट्टी आधी फुंकली, ती त्यांची चूक झाली. तो सूर माझ्या कानात आधीच बसला होता. आणि बाटली भरलेली की रिकामी, ते मला डोळ्यांनी दिसत होतं. आता माझे डोळे बांधायचे, बाटली अमीनाभाभींनी ठेवायची, कोणती ठेवली ते कोणालाच सांगायचं नाही, आणि मी चाळीस वेळा नुसतं सांगायचं, वाजलं की नाही. तेवढं झालं की कागद जगाला दाखवायचे.

ते चाळीस वेळा कधी झालंच नाही. कारण मी टाळलं. गावाची हवा बिघडत चालली होती. निजामाच्या राज्याच्या नावानं बंदुका घेऊन फिरणारे लोक गावोगाव येत होते, सरहद्दीपलीकडून निजामाविरुद्ध लढणारी माणसं लपून येत होती, आणि कोण कुणाला बातम्या पुरवतो यावरून घरं जळत होती. अशा दिवसांत मुसलमान मास्तरांबरोबर पहाटे रानात तारा लावून बसायची मला भीती वाटली. कधी बायको आजारी आहे म्हणालो, कधी पाय मुरगळला म्हणालो. मास्तर प्रत्येक वेळी बायकोची, पायाची विचारपूस करायचे.

बंदूकवाले एकदा त्यांच्याही घरी आले. मास्तर बिनतारी यंत्रावरून पलीकडच्यांना खबरा देतो, असं कोणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं. मास्तरांनी दारातून सांगितलं, लोखंड बाहेर ठेवा. सगळा वाडा श्वास रोखून बघत होता. त्यांच्या म्होरक्याला हसू आलं. त्यानं बंदूक उंबऱ्याबाहेर टेकवली, आत गेला, कानाला यंत्र लावून टक्‌ एवढंच ऐकलं, आणि दिवाना आहे म्हणून निघून गेला. आम्हाला हायसं वाटलं. पण दुसऱ्या दिवसापासून गावात कुजबूज सुरू झाली की बंदूकवाल्यांनी मास्तरला सोडला कसा? त्यांचाच असल्याशिवाय?

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि चार दिवसांत निजामाचं राज्य संपलं. मला आनंद झाला होता, तो लपवत नाही. गुढी उभारली होती मी. पण नंतरच्या आठवड्यात आसपासच्या गावांतून जे कानांवर आलं, ते ऐकून आनंद तोंडातल्या तोंडात कडू झाला. कुठल्या विहिरीत काय सापडलं ते मला लिहवत नाही. आणि एका सकाळी शाळेसमोर शंभर-सव्वाशे लोक जमले. आमचे लोक. मी हिंदू, म्हणून आमचे म्हणतो. हातात कुऱ्हाडी होत्या. मधोमध समदमास्तर, शेरवानीची शिंगाची बटणं तुटलेली, आणि पायरीवर त्यांची तार, दिवे, पेटी, बाटली, वही. शाळेत फौजेबरोबर आलेला एक साहेब उतरला होता, त्याच्यापुढं लोकांनी हे सगळं टाकलं होतं. पुरावा सापडला, म्हणत होते. हा बिनतारी यंत्रावरून बंदूकवाल्यांना खबरा द्यायचा.

साहेबानं मास्तरांना विचारलं, यातून काय ऐकतोस? मास्तर म्हणाले, पाणी. लोक हसले आणि पुढं सरकले. एकाची कुऱ्हाड वेटोळ्याला लागली. तेव्हा मास्तरांनी मान वर केली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "लोखंड बाहेर ठेवा."

एकदम शांतता झाली. मी ती दुसऱ्या कुठंही ऐकली नाही. आणि त्या शांततेत दोन जणांनी, आमच्याच शाळेतून शिकून गेलेल्या दोघांनी, खाली वाकून आपापली कुऱ्हाड पायरीखाली ठेवली. ठेवल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं, आणि ते एकमेकांकडं वेड्यासारखे बघायला लागले. बाकीच्यांनी ठेवल्या नाहीत.

साहेब कडक होता, पण मूर्ख नव्हता. त्यानं विचारलं, दुसरं कोण याच्याबरोबर असायचं? बोटं माझ्याकडं वळली. मी पुढं आलो. त्यानं सरळ विचारलं, या यंत्रातून तुम्ही काही ऐकलंत? होय की नाही?

होय म्हटलं तर यंत्र बोलतं, हे ठरलं. यंत्र बोलतं म्हणजे ते बिनतारी, आणि मग त्या कुऱ्हाडींना मी अडवू शकलो नसतो, साहेबानंही अडवल्या असत्या की नाही कोण जाणे. नाही म्हटलं तर... मी मास्तरांकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती. ते माझ्याकडं फार उत्सुकतेनं बघत होते. त्यांचा दुसरा कान शेवटी लोकांसमोर बोलणार होता.

"न्हाय साहेब," मी म्हणालो. "काही ऐकू आलं न्हाय. कधीच न्हाय. ह्यो मानूस येडा हाय."

लोकांत हशा पिकला, आणि कुऱ्हाडी खाली आल्या. वेड्याला कोण मारतो? साहेबानं वही उलटीपालटी केली, उर्दू त्याला वाचता येईना, माझ्या हातात दिली. मी चाळली आणि म्हणालो की वेड्याच्या रेघोट्या आहेत. जाळून टाक, तो म्हणाला. अंगणात कुणीतरी कचरा पेटवला होता, त्यात मी ती माझ्या हातानं टाकली. आमचे दोन्ही कागद तिच्यात होते. मास्तर एकदाही ओरडले नाहीत. मी त्यांच्याकडं पाहिलं तेव्हा त्यांचं तोंड थोडंसं उघडं होतं, आणि ती केस नसलेली भुवई वर गेलेली होती. गर्दी पांगल्यावर पायरीपाशी वेळूची शिट्टी पडलेली दिसली, ती मी खिशात टाकली.

जीव वाचवला मी त्यांचा, असं मी स्वतःला गेली कित्येक वर्षं सांगत आलो आहे. ते खोटं नाही. तरी माझं मला ते पटत नाही.

हरभऱ्याच्या रानातल्या त्या इंजिनियरला मी हे काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं की ही बाटली वाजते का? तो चकित झाला. म्हणाला, वाजते, पण तुम्हाला कसं माहीत? बाटलीतल्या हायड्रोजनचा डोल मोजून जमिनीचं चुंबकपण काढायचं हे यंत्र, खडकाखाली काय आहे ते त्यावरून कळतं, परदेशात निघालंय. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, सगळं लोखंड घरी ठेवून, आणि आधी त्याला म्हणालो, तुमचं यंत्र ऐकवा. त्यानं माझ्या कानाला लावलं. टक्‌. आणि तो सूर. तोच. मग मी खिशातली शिट्टी काढून फुंकली, यंत्राच्या नंतर, मास्तरांना हवा होता त्या क्रमानं. त्या इंजिनियरनं शिट्टी हातात घेऊन उलटसुलट केली, पुन्हा यंत्र ऐकलं, पुन्हा शिट्टी फुंकली. कुणी बनवली, त्यानं विचारलं. मला नाव सांगता आलं, ते आता कुठं आहेत ते सांगता आलं नाही. त्यांच्या हैदराबादच्या पत्त्यावर मी पूर्वी तीन पत्रं पाठवली होती, तिन्ही परत आली होती.

आता समदमास्तर आठवतात ते मोटार तळावरचे. त्या प्रसंगानंतर चौथ्या दिवशी ते गाव सोडून निघाले. कुर्डुवाडीची मोटार उभी होती, अमीनाभाभी बोचकं घेऊन आत बसल्या होत्या. मी धापा टाकत गेलो. आजूबाजूला माणसं होती, तरी मी म्हणालो, हळू म्हणालो, पण म्हणालो, की मास्तर, मी ऐकलं होतं. खरंच ऐकलं होतं.

त्यांनी तळव्यांवर फुंकर घातली. "त्या दिवशी तुमी मला वाचवाय खोटं बोललात. आज मला बरं वाटावं म्हनून बोलताय," ते म्हणाले. "तुमी लई भला मानूस हाय, गणपतराव. पन भल्या मानसाचा कान साक्षीला चालत न्हाय. शिट्टी म्याच आधी वाजवली व्हती. चार दिस मी बी इचार करतोय... कदाचित म्या बी ऐकलं नसंल."

शिट्टी खिशात होती, ती द्यायचीही शुद्ध राहिली नाही. ते आत जाऊन बसले. मोटार सुटायच्या बेताला एक माणूस घाईनं चढला, खांद्यावर कुऱ्हाड. त्यांच्या शेजारी जागा रिकामी होती. मास्तरांनी त्या कुऱ्हाडीकडं बघितलं, सवयीनं त्यांचे ओठ उघडले, आणि मिटले. मग ते खिडकीकडं सरकले आणि त्याला नीट बसता यावं म्हणून त्यांनी आपली शेरवानी आवरून घेतली.